तेवीस दिवसांची हिरवी टिक

डिसेंबरातली शुक्रवारची रात्र. अकरा वाजत आले होते. वजनकाट्यावरून फोन आला, "मॅडम, पावती निघंना झाली. गाड्या तटल्यात." मी कारखान्याच्या वसाहतीतच राहते. शाल गुंडाळली आणि पाच मिनिटांत ईडीपीत पोचले. साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागाला अजूनही ईडीपीच म्हणतात. सर्व्हर उघडला तर एसक्यूएल सर्व्हरची, म्हणजे आमचा डेटाबेस चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामची, ९००२ नंबरची एरर: ट्रान्झॅक्शन लॉग भरलाय, आणि कारण दिलंय लॉग बॅकअप. डी ड्राइव्हवर तसूभर जागा नाही. डेटाबेसची फाइल ४२ जीबीची आणि तिच्या लॉगची १८० जीबीची.

ही गोष्ट २०२३-२४ च्या गाळप हंगामातली. कारखाना गोदाकाठचा, आम्हाला जवळचं मोठं शहर परभणी. रोज तीनशेच्या आसपास खेपा काट्यावर येतात. प्रत्येक खेपेची दोन वजनं, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं. त्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या उसाचा हिशोब. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि ते बिल याच डेटाबेसमधून निघतं. म्हणून या सर्व्हरचा बॅकअप माझ्यासाठी कधीच नुसतं तांत्रिक काम नव्हता. तरीही हे घडलं, आणि ते माझ्या नजरेखाली घडलं.

लॉग म्हणजे काय, हे मी आमच्या लेखा विभागाला नेहमी त्यांच्याच भाषेत सांगते. डेटाबेस ही खतावणी, लॉग ही रोजकीर्द. प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिला जातो, मग खतावणीत चढतो. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर असेल, तर रोजकीर्दीची पानं नक्कल होईपर्यंत मोकळी होत नाहीत. ती नक्कल म्हणजे लॉग बॅकअप. खतावणीची कितीही वेळा झेरॉक्स काढली, म्हणजे रोज फुल बॅकअप घेतला, तरी रोजकीर्द रिकामी होत नाही. इथेच पुष्कळ जण फसतात. आमच्याकडे तर रोज रात्री इंडेक्स नव्याने बांधायचं काम लावलेलं होतं, तेही सगळं रोजकीर्दीत उतरतं. त्यामुळे १८० जीबी भरायला फार दिवस लागले नाहीत.

ऊस बिलाचा प्रोग्राम ज्यांनी करून दिला त्यांच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, रिकव्हरी मॉडेल सिंपल करा, लॉग श्रिंक मारा, पाच मिनिटांचं काम आहे." गाड्या चालू झाल्या असत्या हे खरं. पण सिंपल केलं की रोजकीर्दीची पानं नक्कल न घेताच मोकळी होतात आणि साखळी तिथेच तुटते. त्या क्षणी डिस्क गेली असती तर माझ्या हातात फक्त पहाटे एकचा बॅकअप उरला असता आणि दिवसभराच्या खेपा गेल्या असत्या. मी नाही म्हणाले. ई ड्राइव्हवर जागा होती, तिथे त्याच डेटाबेसला १० जीबीची दुसरी लॉग फाइल जोडली. काटा ११ वाजून ४० मिनिटांनी सुरू झाला. मग बाहेरची हार्ड डिस्क लावून हाताने लॉग बॅकअप घेतला. त्याला पाऊण तास लागला. तो पुरा झाल्यावरच लॉग फाइल श्रिंक करून, म्हणजे आकसून, आटोक्यात आणली आणि दुसरी फाइल काढून टाकली. रात्री असा प्रसंग आला तर हाच क्रम ठेवा. आधी श्वास घेण्यापुरती जागा, मग लॉगची नक्कल, आणि श्रिंक सगळ्यात शेवटी.

मधल्या वेळात काट्यावरच्या पोरांनी सोळा गाड्यांची वजनं कार्बन लावून हाताने लिहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाथरीकडचे एक म्हातारे खिडकीशी आले. "माय, माझी रातची खेप चढली का गं?" खेप चढली होती, पण त्यांच्या कार्बनच्या प्रतीवर टनाचा दुसरा आकडा ३ आहे की ८ ते कळत नव्हतं, आणि आमच्या माणसाने ३ धरला होता. तेरा टन की अठरा टन? पाच टनांचा फरक. मी काट्याच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. इंडिकेटरवरचे लाल आकडे दिसेपर्यंत चित्र मागे-पुढे केलं. अठराच होते. म्हातारे माझ्यामागे उभे राहून स्क्रीनकडे बघत होते, काही बोलले नाहीत. दुरुस्तीची पावती दिल्यावर ती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि गेले. त्या सोळा पावत्या मी एकेक करून स्वतः तपासल्या.

आता खरा प्रश्न. आमच्याकडे विकत घेतलेलं बॅकअप सॉफ्टवेअर होतं. रोज रात्री ते सगळ्या व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या वेगवेगळ्या आभासी कॉम्प्युटरांची, पूर्ण प्रतिमा घ्यायचं आणि दर तासाला एसक्यूएलचे लॉग उचलायचं. निदान तसं लावून दिलेलं होतं. मी रोज सकाळी त्याचा कन्सोल उघडायची, हिरवी टिक बघायची आणि पुढच्या कामाला लागायची. शनिवारी सकाळी एसक्यूएलचा स्वतःचा इतिहास बघितला. एमएसडीबी नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये बॅकअपसेट हे टेबल असतं. कुठल्या डेटाबेसचा, कुठल्या प्रकारचा बॅकअप केव्हा झाला, ते त्यात लिहिलेलं असतं, आणि बॅकअप सॉफ्टवेअर कुठलंही असो, एसक्यूएलला सांगून घेतलेला प्रत्येक बॅकअप तिथे येतो. शेवटची लॉगची नोंद तेवीस दिवसांपूर्वीची होती.

तेवीस दिवस हिरवी टिक आणि तेवीस दिवस लॉग नाही.

सॉफ्टवेअरच्या सपोर्टला शुक्रवारी रात्रीच तिकीट टाकलं होतं. आमचा करार सोमवार ते शुक्रवार, कचेरीच्या वेळेचा. म्हणजे उत्तर सोमवारी येणार. कारखाना मात्र रविवारीही रात्रभर चालतो.

शनिवारी कमांड प्रॉम्प्टवर व्हीएसएसच्या, म्हणजे विंडोजच्या प्रतिमा घ्यायच्या सोयीच्या, रायटरांची यादी मागवली. विंडोजमध्ये चालू मशीनची प्रतिमा घेताना त्या क्षणापुरतं प्रत्येक प्रोग्रामला सांगावं लागतं, की हातातलं लिखाण पुरं कर आणि थांब. एसक्यूएलच्या वतीने हे काम एसक्यूएल रायटर करतो. यादीत रजिस्ट्रीचा रायटर होता, सिस्टिमचा होता, बाकीचेही होते. एसक्यूएलचा नव्हता. फेल झालेला दिसला असता तर निदान त्याच्यामागे लागता आलं असतं. हा यादीतच नव्हता. सर्व्हिस बघितली तर चालू. बंद करून पुन्हा चालू केली, तरी यादीत नाव नाही. सर्व्हिसच्या खात्याचे अधिकार तपासले, इव्हेंट व्ह्यूअर चाळला, अपडेट कधी झाले ते बघितलं. शनिवार त्यातच गेला.

रविवारी संध्याकाळी सापडलं, तेही दुसरंच काम करताना. सॉफ्टवेअरवर विसंबायचं नाही म्हणून मी सगळ्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायची स्क्रिप्ट तयार करत होते. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक डेटाबेसचं नाव चौकोनी कंसात येतं. सगळ्या ओळींत नावाला चिकटून कंस बंद होत होता. एका ओळीत नाव आणि कंस यांच्यामध्ये फट होती. मागच्या हंगामाची प्रत म्हणून प्रोग्रामवाल्यांनी एक डेटाबेस बनवून ठेवला होता आणि त्याचं नाव टाइप करताना शेवटी एक स्पेस पडली होती. डेटाबेसच्या नावाच्या शेवटी अशी स्पेस असेल तर एसक्यूएल रायटर यादीत येतच नाही. एका डेटाबेसच्या नावातली एक स्पेस त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसना नडते. खात्री करायला गेलं तर ही स्पेस सहजी हाती लागत नाही. लेन हे फंक्शन शेवटची रिकामी जागा मोजतच नाही, ती डेटालेन्थ मोजतं. दहा अक्षरांच्या नावाला वीस बाइट यायला हवे होते, आले बावीस. ती प्रत बनवल्याची तारीख बघितली. तेवीस दिवसांपूर्वीची.

नाव बदललं, रायटरची सर्व्हिस पुन्हा चालू केली, यादी मागवली. एसक्यूएल रायटर, स्थिती स्टेबल, एरर नाही. मी खुर्चीत तशीच बसून राहिले थोडा वेळ.

टिक हिरवी का राहिली, ते सोमवारी कळलं. बॅकअपच्या सेटिंगमध्ये डेटाबेसशी बोलणं जमलं नाही तरी दुर्लक्ष करून पुढे जा, असा पर्याय निवडलेला होता. म्हणजे मशीनची प्रतिमा निघायची, पण एसक्यूएलला न सांगता, चालू मशीनचा प्लग उपटल्यावर डिस्क जशी असेल तशी. लॉग उचलायची पायरी डेटाबेसशी बोलणं झाल्यानंतरची, ती कधी यायचीच नाही. याची सूचना ईमेलने जात होती. ज्या पत्त्यावर जात होती, ते आमचे साहेब जुलैमध्ये निवृत्त झाले होते.

गिटलॅब या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण मी तेव्हा पुन्हा वाचून काढलं. त्यांच्या माणसाने चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरचाच डेटा पुसला, सुमारे ३०० जीबी. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण नक्कल, निघतच नव्हता, कारण डंप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती. आणि तो फसल्याच्या ईमेल समोरच्या मेल सर्व्हरकडून नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं जगापुढे मांडलं याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. आमचा कारखाना कुठे आणि ती कंपनी कुठे, पण न पोचलेली ईमेल दोन्हीकडे तीच होती.

मार्चमध्ये सॉफ्टवेअरचा करार संपणार होता. एमडी साहेब म्हणाले, "सगळं नव्याने बघा, तीन कोटेशन घ्या." मग छत्रपती संभाजीनगरला दोन फेऱ्या झाल्या. बॅकअप सॉफ्टवेअरच्या किमतीबद्दल मला तोपर्यंत काहीच कळत नव्हतं, हे त्या फेऱ्यांत कळलं.

किंमत विचारली की समोरचा आधी विचारतो, "मोजायचं काय?" कुणी टेराबाइट मोजतात. त्यातही मूळ डेटा किती हे मोजणारे वेगळे आणि दाबून-गाळून साठवल्यावर किती उरला हे मोजणारे वेगळे, हे विचारून घेतल्याशिवाय दोन कोटेशनांची तुलना होऊच शकत नाही. कुणी सर्व्हरच्या बोर्डावर प्रोसेसरचे सॉकेट किती ते मोजतात. कुणी वर्कलोड, म्हणजे एकेक मशीन. डेटाबेससाठी वेगळा एजंट, म्हणजे मशीनवर बसवायचा छोटा प्रोग्राम, आणि त्याचे वेगळे पैसे, असंही एक होतं. मी पहिल्यांदा फॉर्म भरला तो डोळे मिटून. डिस्कवर जेवढं दिसलं तेवढं लिहिलं, ११ टीबी. कोटेशन आलं ९ लाख ६० हजार, तीन वर्षांचे, आणि खाली बारीक अक्षरात कर वेगळा. १८ टक्के जीएसटी धरला की ११ लाख ३२ हजार ८००.

मग तीन दिवस बसून ते ११ टीबी उकलले. सहा टीबी निव्वळ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. त्याच्यावरून मला सोपा निर्णय घेता येईना, कारण पाथरीच्या बाबांचे पाच टन त्याच रेकॉर्डिंगमुळे परत मिळाले होते. शेवटी असं ठरवलं, की कॅमेरे या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे नाहीत. काट्याच्या दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पंधरवड्याचं बिल होईपर्यंत साध्या फाइल म्हणून दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. त्याला लायसन्स लागत नाही. उरलेल्यातले दीड टीबी कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी बनवलेली मशीनं, ती आम्ही बंदच केली. खरोखर जपायचा डेटा साडेतीन टीबी निघाला आणि मशीनं सतरावरून दहावर आली. या दहांमध्ये काटा, ऊस बिल, लेखा, पगार आणि शेतकी विभागाच्या नोंदी हे सगळं बसलं. दहा वर्कलोडचं कोटेशन तीन वर्षांना २ लाख ७० हजार, जीएसटीसह ३ लाख १८ हजार ६००. बॅकअप ठेवायच्या डिस्कचा डबा वेगळा घ्यावा लागला.

त्या फेऱ्यांत मी प्रत्येकाला तोच प्रश्न लेखी विचारत गेले: "करार संपला आणि आम्ही पैसे भरले नाहीत, तर जुन्या बॅकअपमधून रिस्टोअर करता येईल का?" एकाने तोंडी हो म्हटलं आणि लिहून द्यायला टाळाटाळ केली. त्याचं कोटेशन मी बाजूला ठेवलं. दुसऱ्या वर्षापासूनचा दर आजच लिहून घेतला. आणि सपोर्ट चोवीस तास, सातही दिवस. त्याचे जास्त पैसे गेले आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. हंगामात शुक्रवारी रात्री टाकलेल्या तिकिटाचं उत्तर सोमवारी, हे मी पुन्हा सोसणार नाही.

पैसे वाचले ते दुसऱ्या एका ठिकाणी. डेटाबेससाठी वेगळा एजंट घेतलाच नाही. एसक्यूएल सर्व्हरला स्वतःचा बॅकअप आहे आणि त्याचे पैसे लायसन्समध्येच आलेले असतात. ओला हॅलेनग्रेन या स्वीडिश माणसाच्या मोफत स्क्रिप्ट जगभर वापरतात, त्या लावल्या. रविवारी फुल, रोज रात्री डिफरन्शियल, म्हणजे त्या फुलनंतर बदललं तेवढंच, आणि दर पंधरा मिनिटांनी लॉग. मशीनच्या प्रतिमा विकतचं सॉफ्टवेअर घेतं, पण त्याला कॉपी ओन्ली, म्हणजे डिफरन्शियलचा पाया न बदलता नुसती नक्कल घेणारं, करून ठेवलंय आणि लॉगला हात लावायची मनाई केलीय. हे विसरलात तर दोघंही आपापल्या वेळेला बॅकअप घेतात. डिफरन्शियलचा पाया एकाचा असतो तर फाइल दुसऱ्याची, आणि लॉगची साखळी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. रिस्टोअरच्या दिवशी हे कळणं फार महागात पडतं. बॅकअपच्या सर्व्हरचा पासवर्ड आणि खातंही बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं केलं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, शिरलं तर आधी बॅकअपवरच जातं.

खरेदी समितीत एका संचालकांनी विचारलं, "आजवर चाललं ना बाई? मग आता कशाला?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "करूनच दाखवते." जुन्या सर्व्हरवर रिस्टोअर लावला. रविवारचा फुल, त्याच्यावर रात्रीचा डिफरन्शियल, मग एकेक लॉग. एमडी साहेब म्हणाले, "काल रात्री १० वाजून २० मिनिटांपर्यंतचं आणा." तिथे थांबायची आज्ञा दिली. ४७ मिनिटं लागली. त्यांनी काट्यावरून मागवलेली १० वाजून १८ मिनिटांची पावती हातात धरली होती. ती स्क्रीनवर आली, आणि १० वाजून २१ची आली नाही. संचालकांनी दोन्ही वेळा चष्मा पुसून बघितलं आणि ठरावावर सही केली.

एक प्रत कारखान्याच्या बाहेर ठेवायची, हे कुणी मला पटवून द्यावं लागत नाही. मी औसा तालुक्यातली, किल्लारीच्या शेजारच्या गावची. १९९३ मध्ये, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, ३० सप्टेंबरला जमीन हलली तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचं दगडमातीचं माळवद खाली आलं. माणसं वाचली, आजी सोडून. कागदांची पत्र्याची पेटी ढिगाऱ्याखाली चेपली आणि वर पाऊस पडला. जमिनीच्या खरेदीखताची एक नक्कल वडिलांनी अंबाजोगाईला मामाकडे ठेवली होती, तेवढीच कामाला आली.

बाहेरची प्रत इंटरनेटवरून पाठवायचा हिशोब आधी केला. आमची लाइन वर चढवायला २० एमबीपीएस. एक टीबी जायला अखंड साडेचार दिवस, आणि लाइन अखंड राहत नाही. म्हणून लॉग तेवढे इंटरनेटवरून जातात, ते लहान असतात. मोठ्या प्रतीसाठी 'अ' आणि 'ब' अशा दोन डिस्क घेतल्या. दर शनिवारी परभणीच्या कार्यालयाला जाणाऱ्या गाडीतून एक जाते, दुसरी परत येते. डिस्कवरचं सगळं एन्क्रिप्ट केलेलं. ते उघडायची किल्ली म्हणजे सर्टिफिकेट, ते आणि त्याचा पासवर्ड वेगळ्या पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये. पाकीट डिस्कबरोबर कधीच जात नाही. सर्टिफिकेट हरवलं तर ती डिस्क आमच्यासाठीही बंदच.

ईडीपीत आता रिस्टोअरचं रजिस्टर आहे, साधं, रेघांच्या वहीचं. तारीख, कुठल्या वेळेपर्यंत आणलं, किती मिनिटं लागली, कुणी केलं. महिन्यातून एकदा भरायचं. माझ्याकडे शिकायला आलेली मुलगी गेल्या खेपेला एकटीने बसली. तिला ५२ मिनिटं लागली. "ताई, तुमच्यापेक्षा पाच जास्त," म्हणाली आणि सही केली. या शनिवारी 'ब' गेली, 'अ' परत आली.